मोटरच्या दोन वायरी

आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, आणि हे मी कोणी न विचारताही सांगायचो. ऐंशीचं दशक संपता संपता आर्वीच्या एका ऑफिसात मी तात्पुरत्या नोकरीवर होतो. तिथं दोन कॉम्प्युटर आले. ते एकमेकांना जोडायची केबल मीच कथलाचा डाख देऊन केली. तीन वायरी, समोरासमोरच्या पिनांना सरळ जोडलेल्या. पण इकडचं अक्षर तिकडं जाईना. साहेब म्हणाले, शनिवारपर्यंत जमलं नाही तर दुसरा माणूस पाहू.

शनिवारी मोठा भाऊ आमच्या गावाहून, रोहण्याहून, मला भेटायला ऑफिसात आला. मी शिकावं म्हणून त्यानं सातवीतच शाळा सोडली होती.

"काऊन रे, तोंड उतरलं तुयं?"

मी केबल दाखवली. "चालून नाई राह्यली. तुले नाई समजत ते."

"विहिरीवरची मोटर उलटी फिरली तं आपण दोन वायरी बदलवतो. तसं करून पाह्यलं का?"

"हा काय पंप आहे, भाऊ?" मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच उमगलं. दोन्हीकडची बोलायची तार मी बोलायच्याच तारेला जोडली होती. ऐकत कोणीच नव्हतं. एका टोकाच्या दोन वायरींची अदलाबदल केली आणि पलीकडच्या पडद्यावर अक्षरं उमटली.

साहेबांनी विचारलं, "कसं जमलं?"

"पुस्तकात सापडलं, सर."

"आणि हे कोण?"

"गावाकडचे आहेत."

भाऊनं दोघांनाही हात जोडले. "येतो, सायेब," तो माझ्याकडे पाहून म्हणाला.

नोकरी पक्की झाली. भाऊ त्या ऑफिसात पुन्हा कधी आला नाही.