दुधाशेजारची बाटली

आमची कुत्री अंगणात बसायची, उठायची, चार पावलं चालून पुन्हा बसायची. दर वेळी जेमतेम दोन थेंब. संध्याकाळी पायरीवर लालसर डाग दिसला आणि मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"इन्फेक्शन असणार, पण तपासल्याशिवाय औषध नको," ते म्हणाले. "सकाळची पहिली लघवी आणा. बाटली मेडिकलमधलीच घ्या, घरातली नको. तासाभरात पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीजरमध्ये मात्र नाही."

सकाळी उकळत्या पाण्यातून काढलेली लांब दांड्याची पळी घेऊन मी तिच्या मागं फिरू लागले. ती बसली की मी पळी सरकवायची. ती मान वळवून माझ्याकडं बघायची आणि उठून चालू लागायची. शेजारचे काका भिंतीवरून ओरडले, "काय वैनी, कुत्रीला आमटी वाढताय व्हय?" दारातून सासूबाई म्हणाल्या, "ती पळी परत माझ्या सैपाकघरात आणू नगंस."

शेवटी पेरूखाली ती बसली. मला कळायच्या आत पळीत गढूळ, तांबूस लघवी आली. न सांडता ती बाटलीत ओतली, झाकण घट्ट लावलं. डॉक्टरांना फोन केला तर ते पेठ वडगावकडं गेलेले. एका म्हशीचं रेडकू अडलं होतं. दुपारशिवाय येणार नव्हते.

बाटली पिशवीत गुंडाळून मी फ्रिज उघडला. सासूबाई आडव्या आल्या.

"दुधाच्या शेजारी? देवाचं लोणी हाय तिथं!"

"आई, बंद आहे ती. बाहेर राहिली तर त्यात जंतू वाढतील आणि तपासणीत खोटंच काहीतरी दिसेल."

उंबऱ्यापाशी कुत्री पुन्हा कुंथत बसली होती. तिच्याकडं बघता बघता सासूबाईंनी दूध, दही, लोणी एकेक करून बाहेर काढलं आणि ओट्यावर मांडलं. "घे. आख्खा फ्रिज घे तुझ्या बाटलीला." मग दूध नासू नये म्हणून दुपारपर्यंत पुन्हा पुन्हा तापवत राहिल्या, पुटपुटत.

मला एका जागी बसवेना. फ्रिज उघडायचा, बाटली बघायची, बंद करायचा. जयसिंगपूरला नोकरीवर गेलेल्या नवऱ्याचा फोन आला, तर तो म्हणाला, "उघडून उघडून तूच गरम करशील ती."

दुपारी डब्यात बर्फ घालून, टॉवेलात गुंडाळलेली बाटली त्यावर ठेवून, कुत्रीला सोबत घेऊन रिक्षा केली. सासूबाईही आल्या, "मी रिक्षातच बसणार" म्हणत. डॉक्टरांनी बाटली आधी टेबलावर तशीच ठेवली, गारवा जाईपर्यंत. तेवढा वेळही मला सोसेना. मग ते सूक्ष्मदर्शकावर वाकले.

"पू आहे, जंतूही आहेत. बारीक स्फटिकही दिसतायत, पण ते फ्रिजमधल्या थंडीनंही होतात. कोणता जंतू आणि कोणतं औषध लागू पडेल, ते बघायला कल्चर करावं लागेल. त्याला ही बाटलीतली लघवी चालणार नाही, हिच्यात बाहेरचंही मिसळलेलं असतं. सुईनं थेट मूत्राशयातून घेतो."

कुत्रीला टेबलावर उचललं तशी ती थरथरू लागली. मी तिचे पाय धरले, पण माझेच हात तिला अजून घाबरवत असावेत. इतक्यात सासूबाई आत आल्या. त्यांनी तिचं डोकं छातीशी धरलं. "हाय मी. हाय की मी," एवढंच म्हणत राहिल्या. सुई आत गेली, बाहेर आली. कुत्री हलली नाही.

त्याच दिवशी औषध सुरू झालं. लॅबचा अहवाल आल्यावर डॉक्टरांनी ते बदललं आणि मग रक्त थांबलं. ती एकाच जागी, एकदाच, निवांत बसू लागली.

माझा जीव मात्र अजून निवांत नाही. ती बसली की मी आधी जमिनीकडं बघते. सासूबाईंचंही तेच. परवा घर पाहुण्यांनी भरलं होतं आणि कुत्री अंगणातून आत आली, तेव्हा त्यांनी सैपाकघरातून खणखणीत आवाजात विचारलं, "अगं, झाली व्हय तिला नीट?"

पाहुण्यांचे चहाचे कप हातातच राहिले. "झाली, आई," मी तितक्याच मोठ्यानं म्हणाले.