चिमीची डावी बाजू

सखाराम तात्या गेले, हे मला पाचव्या दिवशी कळलं. तेही मोंढ्यातल्या माझ्या धान्याच्या गोदामात, पोती उतरवणाऱ्या हमालाच्या तोंडून. ते राहायचे ती छावणी इथून किती लांब आहे? पण त्यांच्या घरून निरोप नाही. दहाव्याला गेलो, तर जो तो म्हणत होता, "लई साधा माणूस होता." तिथंच उठून ओरडावंसं वाटलं. साधा? इतका हेकट माणूस मी उभ्या आयुष्याच्या व्यवहारात दुसरा पाहिला नाही.

तात्यांचे वडील मेंढरं वळणारे. निजामाच्या फौजेतल्या एका साहेबानं त्यांना छावणीतल्या बंगल्यावर कुत्री सांभाळायला ठेवलं. पोलीस ॲक्शननंतर साहेब घाईनं निघून गेला आणि फॉक्स टेरियरची एक जोडी मागं राहिली. पांढरं अंग, तारेसारखे राठ केस, म्हाताऱ्यासारखी दाढी. वडिलांनी उन्हाळ्यात ती मेंढरांसारखी कातरली आणि राठ केसांची मऊ लोकर झाली... पाणी धरणारी, गोचिडांना घर देणारी. तेव्हा बंगल्याच्या जुन्या खानसाम्यानं दाखवलं, की या जातीला कातर लावायची नसते. बोटांना राख लावून मेलेला केस चिमटीत धरायचा आणि ओढून काढायचा. पुढं तात्यांनी हीच रीत जन्मभर पाळली. वंश टिकावा म्हणून नर शोधत ते पार सिकंदराबादपर्यंत जाऊन आले.

इंग्रजांनी ही जात घडवली ती बिळात शिरून कोल्हा बाहेर काढायला. अंग पांढरं अशासाठी, की सोबतच्या शिकारी कुत्र्यांनी तिलाच कोल्हा समजून फाडू नये. धरलं ते सोडायचं नाही, रागावायला निमित्त लागत नाही, आणि दोन दिवस काम दिलं नाही तर अंगण खणून काढते. माझ्या गोदामात घुशींनी उच्छाद मांडला होता, म्हणून मी तात्यांकडे गेलो. दोन महिने घासाघीस केली. एकच उत्तर, "इकायची नाय." शेवटी एक नर दिला, फौजी नावाचा, तोही फुकट. ज्याची किंमतच सांगत नाहीत, ती खाली कशी आणायची? हरल्यासारखं वाटलं.

तीन रविवार त्यांनी मला स्टुलावर बसवून शिकवलं. "शेट, उपटू नका, ओढा. मेलेला केस आपसूक येतो."

"तात्या, अख्खा दिवस जाईल याच्यात!"

"मग जाऊ द्या की. दिवस काय तुमच्या तराजूत बसतो व्हय?"

चौथ्या रविवारी मी गेलो नाही. मे महिन्यात फौजी धापा टाकायला लागला, तेव्हा शेजारच्या न्हाव्याकडून त्याला मशीन मारून घेतली. त्याला गार वाटावं म्हणूनच. चार दिवसांत खालची गुलाबी कातडी उन्हानं भाजून फोड आले. तात्या आले. हमाल, अडते, सगळे बघत असताना त्यांनी फौजीला उचललं आणि म्हणाले, "तुमच्या हातात जीव दिला, ही माझी चूक झाली, शेट." बस. फौजी त्यांच्याकडं बरा झाला, परत आला नाही. दिवाळीला मी बाजरीचं पोतं धाडलं, ते शिवण न उसवता माघारी आलं. अकरा वर्षं हा अबोला. चूक माझी होती, हे आज लिहितो. पण माणसानं एकदा तरी भांडायला समोर यायचं की नाही?

दहाव्याची माणसं पांगल्यावर त्यांचा मुलगा जवळ आला. चितेगावच्या कंपनीत आहे तो. म्हणाला, "काका, कुत्र्यांत एक चिमीच उरलीय. म्हातारी झालीय. कंपनीवाले गेटवर बांधायला मागतायत."

चिमी दारात उभी होती. उजवी बाजू साफ, चकचकीत. डावीवर झुलपं लोंबत होती. तात्या एका दिवशी एक बाजू करत. दुसरा दिवस त्यांना मिळाला नव्हता.

"गेटवर? साखळीला? ही जात साखळीची आहे व्हय रे?"

"मग तुम्ही नेता का? तात्या म्हणायचे, मोंढ्यातला शेट येईल कधीतरी. आला की आधी स्टुलावर बसवा."

माझं डोकंच फिरलं. म्हणजे वाट पाहत होते! अकरा वर्षं! आणि निरोप धाडायला यांची जीभ झडली होती?

"अन् मला कळवलं का नाहीस?"

"तुम्ही याल असं वाटलं नाय, काका."



चिमीला आणलं, ते लाकडी स्टूलही आणलं. तिच्यानंतर हा वंश संपला, त्याला आता कुणाशी घासाघीस करून उपयोग नाही. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी बोटांना राख लावून बसतो. दोनदा चावली. खांद्यापासून बरगड्यांपर्यंत आलोय, मांडी अजून बाकी आहे. न्हाव्याचं दुकान शेजारीच आहे, दहा मिनिटांचं काम. काम आटोपलं की अर्धी झुलपं लोंबणाऱ्या चिमीला घेऊन मी मुद्दाम त्याच्या दारावरून चक्कर मारतो, आणि मनातल्या मनात तात्यांना एक शिवी हासडतो.