वसंताचं खलनायकाचं हसू

माह्या पोराचं हसू त्या कम्प्युटरनं खाल्लं, अन् तुम्ही इथी फुलांचे फोटो टाकून राह्यले! आता राम राम घ्या, नेटवरच्या गावकऱ्यांनो.

आज सकाळी नाटकाची तालीम होती; दिवाळीनंतर आमच्या गावात मंडई म्हंजे जत्रा भरते, तिथलं नाटक. माहा वसंता दरसाल खलनायक करते. धानाच्या शेतात राबत होता तेव्हा तो स्टेजवर हासला का लेकरं मायच्या पदरात लपत. दुसऱ्या दिवशी विहिरीवर बाया मले म्हणत, "कसं पोट्टं जन्माले घातलं वो बाई!" लय बरं वाटे तेव्हा. अजून आठवलं तरी वाटते.

आता सात वर्षं झाले, चंद्रपूरच्या हापिसात कम्प्युटरसमोर बसते. डोळे लाल, मान पुढं, चेहरा शिळ्या भाकरीसारखा, अन् हसू दरसाल थोडं थोडं आटत गेलं. आज हिरोइनीशी बोलताना नजर हातभर समोरच खिळलेली, जसा तिथी कम्प्युटरच ठेवला आहे. ती म्हणाली, "भाऊ, मी इकडं उभी आहो!" सारे हासले. त्याले मात्र हासता येईना.

नाटकाचे मास्तर म्हणाले, "आठ दिवसांत हसू आण, नाई तं पार्ट दुसऱ्याले देतो."

घरी आल्यावर विचारलं, "काऊन रे, काय झालं?"

"माय, तिथी तोंड उघडाचं कामच पडत नाई. दिवसभर सारं बोटानंच सांगतो."

"मंग बोटानंच हास!"

त्याच्या ओठाचा एक कोपरा हालला. तेवढाच.

बाकीचं हसू कसं परत आणावं? दिवसभर कम्प्युटरवर बसणाऱ्यांनीच सांगावं. बाकीच्यांनी गप बसावं. अन् ते पिवळं हासरं तोंड टाकून पळू नका, लिहून सांगा.