दाबू का, शेठानी?

आचोळ्याच्या एका कॉम्प्युटर क्लासच्या मालकाने जूचंद्रच्या हिराताई म्हात्रेला फसवले. शिकवण्याच्या नावाखाली तिच्याकडून खोटे दाखले टाइप करून घेतले, आणि प्रकरण अंगाशी आल्यावर ‘ही बाई माझी विद्यार्थिनीच नव्हे’ म्हणून हात वर केले. त्याचे नाव मी लिहीत नाही, वकिलाने मनाई केली आहे. हिराताईचे लिहिते, कारण ते तसेही पोलीस चौकीतल्या कागदावर चढलेले आहे. तिला त्या क्लासमध्ये नेणारी मी होते आणि फीचा सौदाही मीच केला होता.

आमची ओळख गाऊनमुळे झाली. आज माझे नायगाव पूर्वेला कपड्यांचे दुकान आहे, पण सुरुवात दोन पिशव्या खांद्याला लावून दारोदार गाऊन विकण्यापासून झाली. जूचंद्रच्या बायका भाव पाडण्यात माझ्या वरचढ. एकेका गाऊनवर अर्धा तास घालवत. हिराताईने मात्र किंमत ऐकली आणि विचारले, “तुला परवडतं ना गो? मंग दे.” मी चिडले. असा कोणी सांगितलेला भाव देतं का? पाडायचा असतो म्हणून तर तो चढवून सांगायचा! शेवटी मीच आपणहून किंमत उतरवली, आणि तिने मला आत बसवून तांब्याभर पाणी दिले. “घे शेठानी, पानी पी. ऊन लय हाये.” दोन पिशव्यांच्या बाईला शेठाणी म्हणणारी ती पहिली. तिच्या आगरी बोलीत ‘ण’ नव्हताच, त्यामुळे आजतागायत मी शेठानीच आहे.

ती एका शाळेत मावशी होती. सकाळपाळीची घंटा, बाकांची झाडलोट, शिक्षकांचा चहा, कुणा पोराला उलटी झाली तर तीही तिनेच पुसायची. नवरा गेल्यावर चौदा वर्षे याच पगारावर तिने घर चालवले, मुलगी प्राचीला बारावीपर्यंत आणले. मग एक दिवस शाळेच्या मोठ्या बाई तिला म्हणाल्या, “हिरा, तू दहावी पास आहेस, अक्षर सुरेख आहे. मराठी टायपिंग आणि फॉर्म भरायला शिकून ये. जूनपासून तुला ऑफिसात क्लार्कच्या हाताखाली घेते.” चौदा वर्षे खुर्च्या पुसणाऱ्या बाईला त्यांतली एक मिळणार होती. हे सांगायला ती दुकानात आली तेव्हा मला वाटले, ही पेढे काढील. तिने पिशवी उघडलीच नाही. “मना भेव वाटतं गो,” ती म्हणाली. “त्या मशीनला तोंड नाय, पन त्याला सगला आठवतं.”

हे भय सोंग नव्हते. शाळेतला कॉम्प्युटर ती वीज बंद असतानाच पुसायची. मोबाइलवर एखादा मेसेज आला तर उघडण्याआधी पदराने हात कोरडे करायची. माणसांना ती घाबरत नसे. दारू पिऊन घरात शिरलेल्या दिराला तिने एकदा झाडूने बाहेर काढलेले मी पाहिले आहे. पण जे दिसत नाही आणि तरी लक्षात ठेवते, त्याला ती घाबरायची. मी हसायचे. माणसाने अडाण्यासारखे भिऊ नये, असे माझे मत होते.

क्लास पहिल्या मजल्यावर होता. खिडक्यांना जाड पडदे, आठ मशीन, एसीचा गारवा. सर गोड बोलणारे, दर वाक्याला ‘ताई’. त्यांनी फी सांगितली, मी निम्मी करून मागितली. सर हसले, पण हलेनात. मग मी माझा नेहमीचा पत्ता टाकला: “आम्हाला पावती नको. आता बोला.” सरांनी माझ्याकडे पाहिलेच नाही. हिराताईकडे पाहत त्यांनी विचारले, “मराठी नीट वाचता येतं ना? दुपारी बसता येईल?” तिने मान हलवली. “मग निम्म्यात जमवू. पण प्रॅक्टिकल इथेच करायचं. रोज दोन ते पाच, खऱ्या कामावर. हात लवकर बसतो.”

जिना उतरताना मी खूश होते. हिराताई दोन पायऱ्या मागे होती. “एवढा कसा उतरला गो तो?”

“माझ्या तोंडापुढे कोण टिकतंय!”

“तुझ्या तोंडानी नाय उतरला,” ती म्हणाली. “मना बगून उतरला.”

मी तिला वेड्यात काढले.

ती शिकली मात्र जिद्दीने. घरी मशीन नव्हते, म्हणून तिने अंगणात रांगोळीचा कीबोर्ड काढला. जूचंद्रच्या बायकांचा रांगोळीतला हात काय वर्णावा! प्रत्येक चौकोन फूटपट्टीने आखल्यासारखा, आत पांढऱ्या रांगोळीत इंग्रजी अक्षर आणि शेजारी लाल रांगोळीत मराठी. त्यासमोर पाटावर बसून ती हवेत बोटे चालवायची आणि प्राची शब्द सांगायची. शेजारच्या कोंबड्या स्पेसबारवरून फिरून गेल्या की दोघी हसत. क्लासमध्ये तिला सगळ्यात आवडले ते कंट्रोल आणि झेड एकत्र दाबणे. केलेले नाहीसे होते, हे कळल्यावर ती दिवसभर तेच करत बसली होती. “असं मानसाला पायजे होतं गो,” ती म्हणाली. पण महत्त्वाचे काही पाठवायचे, छापायचे, साठवायचे असले की तिचे बोट कीच्या वर थांबायचे आणि ती आजूबाजूला पाहून विचारायची, “दाबू का?” कुणीतरी ‘दाब’ म्हटल्याशिवाय बोट खाली येत नसे. “एकदा दाबलं का ते आपलं राहत नाय,” हे तिचे त्यावरचे उत्तर.

अडायचे एकाच जागी. तिथल्या कीबोर्डवर ‘न’ साधा उमटतो, ‘ण’साठी शिफ्ट धरून ठेवावी लागते. हिराताईला मुळात तो बोलतानाच येत नव्हता. सुरुवातीला सर तिला रागावत. ती म्हणायची, “सर, जीबच वलत नाय, तं बोट कसं वललं?” पंधरा दिवसांनी सरांनी रागावणे सोडून दिले. मला वाटले, सुधारली असेल. खरे म्हणजे त्या वेळेपर्यंत ती दिवसाला तीस-चाळीस कागद काढत होती आणि सरांना ते वाचायला फुरसत नव्हती.

एका दुपारी तिचा मला फोन आला. मी एका घाऊक व्यापाऱ्याशी भांडत होते, कपड्याच्या गठ्ठ्यात डागाचे गाऊन निघाले होते. ती कुजबुजत होती. “शेठानी, सरांनी जुना झेरॉक्स दिलाय, त्याच्यावरून रहिवासी दाखला बनवाला सांगितलाय. नावं वेगली, पत्ते वेगले, खाली गोल शिक्का. सरकारी वाटतं गो. सर बोलतात प्रॅक्टिकल हाये. पन ही नावं खरी हायेत. दाबू का?”

“अगं, दाब की बाई! दर वेळी काय विचारतेस?” मी ओरडले आणि फोन ठेवला. डागाच्या गाऊनांचे मी पूर्ण पैसे वळते करून घेतले. तो दिवस चांगला गेला, असे मला वाटले होते.

जूनमध्ये हिराताई ऑफिसात बसू लागली. पोपटी साडी, केसांत अबोली, आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसणे, कुणी उठवले तर लगेच उठता यावे असे. शाळेत जवळपास राहणाऱ्या गरीब मुलांसाठीच्या सवलतीच्या जागांचे प्रवेश चालू होते. क्लार्क पालकांचे कागद तपासत होता, तपासता तपासता हसायला लागला. त्याने मोठ्याने वाचले, “‘सदर इसम याच ठिकानी राहत असून…’ ठिकानी! आणि वर बघा, ‘रहिवासी प्रमानपत्र’! कोण हो हा विद्वान?” सगळे ऑफिस हसले. त्याने दुसरा कागद काढला, त्यातही ठिकान. तिसऱ्यातही. मग तो हसायचा थांबला, कारण तीन वेगवेगळ्या घरांचे कागद एकाच हातचे होते. आणि चौकशी केली तर ती तिन्ही कुटुंबे त्या पत्त्यांवर राहतच नव्हती.

हिराताईने मला नंतर सांगितले, “माजे कान बंद झाले गो. मना वाटलं, कागद माज्याच आवाजात बोलतोय.”

त्या दुपारी ती दुकानात आली. मी शटर अर्धे ओढले आणि तिला समजावले. कुणाला माहीत नाही, गप्प बस. ‘न’ बोलणारी आख्खी खाडीपट्टी आहे, तुलाच कोण धरेल? सल्ला व्यवहारी होता. ती ऐकत राहिली, स्टुलाच्या कडेवर बसून. पायांची बोटे तिने जमिनीवर घट्ट रोवली होती. मग म्हणाली, “आज एवढं भेव वाटतंय, तं रोज खुर्चीवर बसून किती वाटंल? आन् त्या कागदांपायी कुना गरिबाच्या पोराची जागा गेली आसंल तं?”

दुसऱ्या दिवशी घंटा व्हायच्या आत ती मोठ्या बाईंसमोर उभी राहिली. “बाई, ते ठिकान माजं हाये,” ती म्हणाली. हे क्लार्कनेच मला सांगितले. इतकी भित्री बाई मी पाहिली नाही, आणि इतके मोठे काम करणारीही.

मोठ्या बाईंनी तक्रार दिली, ती द्यायलाच हवी होती. हिराताईला सांगण्यात आले, चौकशी संपेपर्यंत येऊ नकोस. चौकीत सरांना बोलावले. त्यांनी शांतपणे सांगितले की ही बाई त्यांच्याकडे शिकत नव्हती. मशीन तासावर घ्यायची, स्वतःच्या गिऱ्हाइकांची कामे करायची. रजिस्टरमध्ये तिचे नाव नाही. फीची पावती असेल तर दाखवावी.

मी तशीच आचोळ्याला गेले. जिन्यापासून ओरडत गेले, पोरे मशीन सोडून दारात आली. सर उठून उभे राहिले, मला खुर्ची दिली. “ताई, रागावू नका. पावती आणा, मी लगेच चौकीत येतो.”

“तुम्ही दिली नाही पावती!”

“तुम्हीच नको म्हणालात ना?” ते हसून म्हणाले. “तुम्ही धंद्यातल्या बाई. मला वाटलं, विचार करून बोलत असाल.”

मी न भांडता जिना उतरले. असे माझ्या बाबतीत फारसे होत नाही. परतीच्या रिक्षात मला जिन्यावरचे तिचे वाक्य आठवले, आणि पहिल्यांदा मला तिच्यासारखे वाटले. मागून कुणी पाहत असल्यासारखे. ज्याला मी इतकी वर्षे हसत आले ते भय मूर्खपणाचे नव्हते. ती माझ्यापेक्षा जास्त बघत होती, एवढेच.

मागच्या महिन्यात मी तिच्याबरोबर पुन्हा चौकीत गेले. दोन्ही खेपांत प्रश्न तेच होते: कागद कोणी दिले, शिक्का कोणी मारला, किती मिळाले. तिने तीच उत्तरे दिली. जबाब वाचून दाखवल्यावर हवालदाराने पेन पुढे केले. शाळेतल्या कपाटावरच्या चिठ्ठ्यासुद्धा जिच्या अक्षरात असत, त्या हिराताईने पेन घेतले नाही. डावा अंगठा शाईच्या पॅडवर टेकवला आणि कागदावर उठवला. “बाई, दहावी पास लिहिलंय ना इथं?” हवालदार म्हणाला. “व्हय,” ती म्हणाली, “पन माज्यानी लिवनं व्हायचं नाय.” बाहेर आल्यावर तिने अंगठा पदराला पुसला, पुन्हा पुन्हा पुसला.

आता ती घरी भाकऱ्या करून देते, इमारतींतल्या लोकांना. फोन प्राचीकडे असतो. दारावर थाप पडली की ती आधी आतल्या खोलीत जाते, मग प्राची कोण आहे ते बघते. मी गेले तरी तसेच. माझ्याशी ती पूर्वीसारखीच बोलते. शेठानी म्हणते, पाणी देते, एका शब्दाने मला दोष देत नाही. त्याने माझी झोप उडते.

माझा जबाब मी लेखी दिला आहे. पावती मी नाकारली, तिला दाबायला मी सांगितले, गप्प बसायला मी सांगितले, सगळे सही करून दिले आहे. मोठ्या बाईंनी दिला, क्लार्कने दिला. राहिला एकच, त्या सरांचा खरा जबाब. आचोळ्याचा तो जिना अजून चढता येतो, पाटीवर फक्त क्लासचे नाव बदलले आहे, आणि आत दुसरी कुणी दुपारी दोन ते पाच खऱ्या कामावर हात बसवते आहे. त्या माणसाने समोर यावे. दाखल्याचा मूळ झेरॉक्स कुठून आणला, शिक्का कोणाचा होता, आणि हिरा म्हात्रेला ते कागद कोणी दिले, हे सांगावे. त्याला सांगायचे नसेल तर ज्यांचे काम आहे त्यांनी त्याच्याकडून वदवावे. भ्यालेल्या बाईने खरे सांगितले. न भिणाऱ्याला कोण विचारणार आहे, आणि कधी?