नागेशरावांनी न वाचलेला नियम

नागेश तांबे पोटची पोर पैजेत हरले, अशी बातमी २०१७च्या ऑक्टोबरात आमच्या जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नच्या मराठी मंडळींत फिरत होती. धर्मराजानंतर हेच, असंही कुणीतरी म्हणालं. (मीच म्हणाले, पण ते असो.) खरं एवढंच की पोर नव्हे, तिची नाताळची सुट्टी ते हरले होते.

नागेशराव आमच्या समोरच्या दारात राहतात. गाड्यांचे ब्रेक नियमाप्रमाणे लागतात की नाही हे तपासायची नोकरी, त्यापायी निम्मं वर्ष बाहेरगावी. दोन वर्षांपूर्वी बायको नंदिनी लेकीला घेऊन इंगोलश्टाटला नोकरीला गेली, ती वेगळीच झाली. तेव्हापासून प्रत्येक सुट्टीला पोर कुणाकडे, यावर फोनवर जुंपायची.

लेक स्पृहा तेरा वर्षांची. आमच्या खालच्या मजल्यावरच्या अमेरिकन सैनिकाच्या मुलांनी तिला बेसबॉलचं वेड लावलं, आणि तिने बापाला. दुसरा विषय त्या दोघांत उरलाही नव्हता म्हणा. जूनच्या सुट्टीत आली तेव्हा तोड तिनेच काढली. बेसबॉलची अंतिम मालिका सात सामन्यांची. त्यातले चार ज्याच्या मैदानावर ठरतात, त्याला घरचा फायदा. अमेरिकन लीग बाबांची, नॅशनल लीग आईची. ज्या लीगच्या संघाला फायदा, त्या घरी यंदाचा नाताळ. नंदिनीही फोनवर कबूल झाली. कागदावर बापलेकीच्या सह्या, साक्षीला माझी.

नागेशरावांना नियम पाठ होता. जुलैत दोन्ही लीगच्या निवडक खेळाडूंचा एक सामना होतो. तो जिंकेल त्या लीगला फायदा. अमेरिकन लीगने तो दोन-एकने जिंकला. सकाळी निकाल वाचून गृहस्थ बेकरीतला केक घेऊन माझ्या दारात उभे. मग स्पृहाच्या खोलीला रंग झाला, नवा पलंग आला. आणि कधी सलग आठवडाभर रजा न घेतलेल्या माणसाने नाताळची पंधरा दिवसांची रजा टाकली.

ऑक्टोबरात अंतिम संघ ठरले त्या दिवशी मी त्यांचा डबा परत द्यायला गेले होते. फोन स्पीकरवर लावायची सवय त्यांची, ऐकायची माझी. स्पृहा जर्मनमधून, ते मराठीतून.

"बाबा, आईच्या लीगच्या लॉस एंजेलिसने एकशे चार सामने जिंकलेत, तुझ्या ह्यूस्टनने एकशे एक. आल्झो, म्हणजे नाताळ आईकडे."

"अगं, जुलैचा सामना आपण जिंकला ना?"

"तो नियम गेला. यंदापासून वर्षभरात ज्याने जास्त जिंकले, त्याला फायदा. तू वाचलं नाहीस?"

"नियम बरोबर आहे," ते म्हणाले आणि फोन ठेवला. मग उठून त्यांनी स्पृहाच्या खोलीतला हीटर बंद केला.

मला गप्प बसवेना. "ब्रेक तपासणाऱ्यालाच वेळेवर ब्रेक लागला नाही, नागेशराव."

ते हसले नाहीत. मलाच कसंतरी झालं.

"अहो, नंदिनीला फोन करा. फसगत झाली म्हणा. एका सामन्यावर ठरायचं तेच बरं होतं, असं सांगा. चार दिवस तरी देईल ती."

"वहिनी, एका दिवसावर ठरत होतं म्हणून तर मी जिंकत होतो. वर्षभराचं बघायचं, तर नंदिनी रोज घरी होती. मी नव्हतो."