सालेकशाच्या रानातला खोकला

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत शाळा बंद होत्या आणि आम्हा शिक्षकांना घरोघरच्या तपासणीवर लावलं होतं. कोणाला ताप आहे, कोणाला खोकला, कोण वारलं, हे विचारायचं आणि दुपार कलली की मोबाईलवरून आरोग्य केंद्राला कळवायचं. तिथून ते तालुक्याला, जिल्ह्याला आणि मग मुंबईला जायचं. संध्याकाळी गोंदियाजवळच्या फुलचूरच्या घरी चहा पिताना टीव्हीवर सगळ्या राज्याचा आकडा लागायचा. आपण पाठवलेलं त्यात कुठेतरी मिसळलेलं आहे, असं मनात यायचं आणि चहा नकोसा व्हायचा.

मला सालेकशाच्या पलीकडची, रानाला लागून असलेली गावं मिळाली होती. सोबत तिथली आशाताई असायची. बोलायला फटकळ बाई. पण त्या भागातल्या निम्म्या बाळंतपणांना हजर राहिलेली, म्हणून दारं तिच्यासाठी उघडायची.

एका सकाळी मात्र एकही दार उघडलं नाही. गावात शिरलो तेव्हा पडव्यांमध्ये तेंदूपानांचे अर्धवट बांधलेले पुडे पडले होते. दारं नुसती लोटलेली. एका घरात चुलीवर भात रटरटत होता आणि त्याची पेज उतू जाऊन राखेत मुरत होती. गावात माणूस दिसेना. आमच्यावर भुंकायला कुत्रंसुद्धा नव्हतं.

शेवटच्या घराच्या अंगणात एक म्हातारी सुपात मोहफुलं निवडत बसली होती.

"आजी, सारे कुठं गेले?" आशाताईने विचारलं.

"घरीच आहेत जी," ती वर न बघता म्हणाली.

"घरं तं रिकामी आहेत."

"घरीच आहेत. सारे बरे आहेत."

तेवढ्यात रानातून खोकला ऐकू आला. कोरडा, दाबून धरलेला. मी तिकडे वळले तर दुसऱ्या बाजूने आला. मग आणखी आत, एका बाईचा. झाडांमध्ये हालचाल काहीच नव्हती. साऱ्या रानाला जणू एकच आजार जडला होता. माझ्या हातातलं ताप मोजायचं यंत्र मी नकळत छातीशी धरलं.

आशाताई चार पावलं पुढे गेली. "काऊन लपून राहिले रे?"

एका जाड खोडामागून पुरुषाचा आवाज आला. "गाडी घेऊन आल्या का?"

"नाही आणली."

"तुमची गाडी ज्याले नेते, थो वापस येत नाही. अन् थे बोटातलं यंत्र रक्त ओढते म्हणतात."

आशाताईने ऑक्सिमीटर स्वतःच्या बोटाला लावलं, हात उंच करून दाखवला आणि यंत्र एका सपाट दगडावर ठेवलं. आम्ही दोघी मागे सरलो. आधी झाडामागून एक हात आला. मग माणूस. एकेक करत ते येत गेले, बोट घालत गेले आणि परत झाडीत जाऊन उभे राहिले. आमच्याशी बोललेला माणूस सगळ्यांत शेवटी आला. म्हातारीचाच मुलगा होता तो. ओठ निळसर पडलेले, आणि यंत्रातला आकडा ऐंशीच्या आसपास घुटमळत होता.

"दवाखान्यात जावं लागते," आशाताई म्हणाली.

"मी गेलो तं येत नाही."

"येशील. मी बसीन गाडीत तुह्यासंगं."

त्याने बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली. म्हातारी सूप घेऊन घरात गेली ती बाहेर आलीच नाही.

आशाताई शब्दाला जागली. गोंदियापर्यंत ती त्याच्या शेजारी बसून गेली आणि त्यानंतर स्वतःच तापाने अंथरुणाला खिळली. मला दुसरी गावं दिली गेली. त्याच्या गावात मोबाईल लागत नव्हता, वॉर्डात घरच्यांना सोडत नव्हते. त्या दिवसांत तिकडचाच कोणी दुसरा माणूस दवाखान्यात वारला, आणि तोंडोतोंडी गावापर्यंत पोचता पोचता ती बातमी याच्या मरणाची झाली.

आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो बरा झाला तोवर आशाताईही उठून हिंडू लागली होती. त्याला पोचवायला आम्ही दोघी मोठ्या आनंदाने गाडीत बसलो.

भर उन्हाची वेळ होती. तो वेशीजवळ उतरला तेव्हा बोरिंगवर बाया पाणी भरत होत्या. एकीचा हंडा भरणारा हात तसाच थांबला. कोणी ओरडलं नाही, पळालं नाही. बाया फक्त मागे सरत गेल्या. घरांतून माणसं बाहेर येऊन लांबच उभी राहिली. सगळ्यांच्या नजरा खाली होत्या. ते काय पाहताहेत हे मला उशिरा कळलं. ते त्याचे पाय पाहत होते.

त्याची बायको दारात आली. कपाळ मोकळं, हात मोकळे.

"कोणी केलं हे?" तो तिला म्हणाला.

मग शेजारच्या एकाने लांबूनच सांगितलं. देह मिळायचा नाही म्हणून तांदळाच्या पिठाचा पुतळा केला होता, नदीकाठी नेऊन जाळला होता. मरणाचं जेवणही झालं होतं.

म्हातारी घरातून चुलीची राख घेऊन आली आणि तिने ती अंगणभर पसरली. "चाल," ती म्हणाली.

तो आशाताईकडे पाहू लागला. ती हळूच म्हणाली, "चाल ना. काय जाते तुहं."

आजारपणाने वाळलेला तो माणूस स्वतःच्या अंगणात राखेवरून चालला. म्हातारी वाकून, डोळे जवळ नेऊन एकेक पाऊल तपासत गेली. टाचा मागे, बोटं पुढे. ती उठली, मुलाच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "सरळ आहेत." तेव्हा कुठे त्याची बायको रडली.

त्या संध्याकाळी बरे झालेल्यांचा आकडा टीव्हीवर आला. त्यात हा होता.

पुढे पितृपक्षात लसीकरणासाठी पुन्हा त्या गावात गेलो. तो आत पाटावर बसून जेवत होता, तब्येत सुधारली होती. बायकोच्या हातात बांगड्या होत्या. अंगणात म्हातारी पळसाच्या पानांवर भात वाढत होती. एक नवऱ्याचं, एक सासऱ्याचं, असं ती पुटपुटत होती. तिसऱ्या पानावर तिने मुलाचं नाव घेतलं.

"आजी, तो तं आत जेवून राहिला," मी म्हणाले.

"माहीत आहे मले." तिने भातावर वरण ओतलं. "हा वापस आला. पण आम्ही ज्याले नदीवर पोचवलं, त्यानं कोणाच्या दारी जायचं?"

आतून मुलाने तिला आवाज दिला, थोडा भात आणखी मागितला. ती लगेच उठली नाही. आधी तिने अंगणातल्या तिसऱ्या पानाभोवती पाणी फिरवलं.