सहा फुटी यंत्र

बेंबळीच्या शिवप्पांनी मरण्याआधी आपला जुना लहान ट्रॅक्टर थोरल्या सुनेच्या नावावर केला, त्या दिवशी घरात भांडी आपटली गेली. थोरला मुलगा आधीच वारला होता. त्याची बायको राजेश्वरी सासऱ्याशेजारी मडगार्डवर बसून ट्रॅक्टर शिकली होती. धाकटा उमाशंकर गिअर खडखडवतो, त्याच्या हातात गाडी टिकणार न्हाय, असं शिवप्पा चारचौघांत बोलून गेले होते. ते उमाशंकर विसरला नव्हता.

ट्रॅक्टर बुटका होता, फांद्यांखालून सहज जायचा. बागवाला वैजनाथ राजेश्वरीला म्हणाला, "वहिनी, मागं गवत कापायचं यंत्र जोडा. माझी सीताफळाची बाग तुम्हालाच देतो." ट्रॅक्टरच्या ताकदीवर खाली पाती गरगर फिरवणारं हे यंत्र चार फुटी मिळतं, पाच फुटी, सहा फुटीही. आपल्या ट्रॅक्टरला कोणतं झेपेल, हे राजेश्वरीला ठाऊक नव्हतं. धाराशिवच्या गोरोबा मिस्त्रीला विचारायचं ठरलं, पण सासूबाई इरम्मा तापानं पडून होत्या. त्यांना सोडून जाता येईना.

"मी विचारून येतो की," उमाशंकर आपणहून म्हणाला. ट्रॅक्टरवरून तो पहिल्यांदाच गोड बोलला होता. तिला बरं वाटलं. त्याच्यासाठी तिनं दशम्या बांधून दिल्या.

परत येऊन तो म्हणाला, "सहा फुटीच घ्या म्हणला गोरोबा. लहान घेतलं तर दिवसभर फेऱ्याच मारत बसाल."

"एवढं जड ह्याला झेपंल का, भाऊजी?"

"मिस्त्रीपेक्षा तुमाला जास्त कळतंय का?"

यंत्र आलं. उमाशंकरनं स्वतः जोडून दिलं आणि पहिल्या दिवशी बागेत तिच्याबरोबर गेलाही. मागच्या वजनानं पुढची चाकं हलकी झाली होती. स्टिअरिंग वळवलं तरी ट्रॅक्टर उशिरा वळत होता.

"पुढनं उचलतंय हो!" ती ओरडली.

"नव्यानं तसंच वाटतं. चालू द्या," तो बांधावरून म्हणाला.

ओळीच्या टोकाला ओढा होता. तिनं नेहमीसारखा क्लच दाबला. इंजिनचा जोर तुटला, पण ट्रॅक्टर थांबला नाही. मागची जड पाती फिरतच होती आणि त्यांचा जोर चाकांना पुढं रेटत होता. ब्रेकवर उभी राहीपर्यंत पुढची चाकं कडेवरून खाली गेली होती. ट्रॅक्टर डाव्या अंगावर पडला. पाय खाली सापडला.

सोलापूरला गुडघ्याखाली पाय कापावा लागला.

ती घरी आली तोवर गावानं निकाल दिला होता. बाईमाणसानं गप घरी बसायचं सोडून हे कशाला? इरम्मा भाकरी पुढं सरकवताना म्हणाल्या, "ह्या वयात मला तुझं हागणं-मुतणं बघावं लागतंय." राजेश्वरी मान खाली घालून जेवली. आपलाच ब्रेक चुकला, असं तिलाही वाटत होतं.

एके दुपारी गोरोबा मिस्त्री तिला बघायला आला. ओसरीत बसल्या बसल्या त्यानं विचारलं, "ते कपलिंग का बसवलं न्हाय ताई?"

"कसलं?"

"पाती फिरत राहिली तरी चाकाला ढकलू नयेत म्हणून शाफ्टला बसवायचं. उमाशंकरला दोनदा बजावलं होतं म्या. चार फुटीच्या वर जाऊ नका, आन् कपलिंगबिगर चालू करू नका. असले जुने ट्रॅक्टर क्लच दाबला तरी थांबत न्हायत."

उमाशंकर दारातच उभा होता. तिनं त्याच्याकडं पाहिलं.

"व्हय, सांगितलं होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, एकदा भ्याल्या की चावी सोडाल. पाय जाईल असं कुणाला वाटलं होतं?"

गोरोबा उठून गेला. आतून इरम्मा म्हणाल्या, "झालं ते झालं, राजे. घरातलं घरात ठेव."

पुढच्याच आठवड्यात उमाशंकरनं ओढ्यातून काढलेला ट्रॅक्टर दुरुस्त करून घेतला आणि चार फुटी यंत्र आणलं, कपलिंगसकट. चावी राजेश्वरीच्या कमरेला होती, पण जुन्या ट्रॅक्टरला वायर जोडली तरी पुरतं. तो वैजनाथच्या बागेत जाऊ लागला. ती कुबड्या टेकत वैजनाथकडं गेली आणि सगळं सांगितलं. वैजनाथनं ऐकून घेतलं. "वाईट झालं, वहिनी. पण काम बेस करतोय तो. मला बाग साफ पायजे."

ट्रॅक्टर अजून तिच्याच नावावर होता. तिनं धाराशिवचा भंगारवाला बोलावला.

"चालू गाडी हाय ही," भंगारवाला चक्रावला. "कुणीबी घेईल."

"कुणीबी घेतली तर माझा दीर मागनं जाऊन परत इकत आणील. इथंच कापा."

गॅसकटर पेटला तसा उमाशंकर धावत आला. चारचौघांनी त्याला धरलं. इरम्मा अंगणात येऊन तिच्या उरलेल्या पायाशी बसल्या. "त्यांची आठवण हाय गं ती. त्यांच्या हातची हाय. नको कापू."

शिवप्पांनी शिकवलेलं सगळं तिला आठवत होतं. मडगार्डचा पत्रा कापला जाताना तिला रडू आलं, पण थांबवायला तिनं हात वर केला नाही. "चालू द्या," ती कापणाऱ्याला म्हणाली. सासूकडं तिनं पाहिलं नाही. इंजिनचे तुकडे टेम्पोत पडेपर्यंत म्हातारी पाय धरून बसली होती, आणि राजेश्वरीनं तिला एकदाही उठा म्हटलं नाही.